चार मासे, दहा बाटल्या

मी एकाच माशाची शेपटी तीन वेळा कापली आणि ते तीन वेगळे मासे आहेत असं वहीत लिहिलं. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. प्रवासाबद्दल लिहिणारा माणूस पहिल्या दोन पानांत आपण किती साधे आणि चौकस आहोत हे वाचकाला पटवतो, आणि एकदा ते पटलं की पुढं त्याच्याबद्दल कुणी वाईट मनात आणत नाही. मला ती सवलत नको.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. मूळचा रत्नागिरीकडचा, तेव्हा माशांशी नातं जुनं, पण ते बहुतेक ताटातलं. ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली. डीएनए हा शब्द तेव्हा वर्तमानपत्रात बहुधा खुनाच्या बातमीत यायचा. आमच्या विभागाच्या बाईंनी तो नदीतल्या माशांसाठी वापरायचं ठरवलं आणि मासे गोळा करायला मला जालना जिल्ह्यात पाठवलं.

मासा होता खडशी. रुपयाएवढे खवले, ओठ जाड, पाठ सोनेरी-काळी. पूर आला की हा मासा पूर्णेतून तिच्या उपनद्यांत वर चढतो आणि तिथं अंडी घालतो. प्रश्न असा होता की गिरजेतले खडशी, केळणेतले खडशी आणि पूर्णेतले खडशी ही एकाच घरची माणसं आहेत की वेगवेगळ्या भावक्या. त्यासाठी शेपटीचा नखाएवढा तुकडा कापायचा, स्पिरिटच्या बाटलीत टाकायचा आणि मासा सोडून द्यायचा. आमची पद्धत आईकडून आलेला डीएनएचा धागा वाचायची. ज्या डोहात नदीचे स्वतःचे मासे उरलेत तो डोह राखून ठेवायचा, आणि बाकीचे विकतचं मत्स्यबीज सोडून ठेक्यानं द्यायचे, असं एका समितीनं ठरवलं होतं. म्हणजे माझ्या बाटल्यांवर काही डोहांचं नशीब अवलंबून होतं. ते मला माहीत होतं. ‘मला कल्पना नव्हती’ असं मला म्हणता येणार नाही. ते खोटं ठरेल.

जुना जालना

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. जुन्या जालन्यातल्या एका गल्लीत, डाव्या हाताला धान्याची पोती आणि उजव्या हाताला कापडाचे तागे, अशा फटीतून मी रिक्षांना अंग चोरत चाललो होतो. गिरजेवरच्या एका डोहात जाळं टाकायला परवानगी नाही असं गावाच्या पत्रातून कळलं होतं, म्हणून हातात धरायची झोळी शिवून घ्यायची होती. मच्छरदाणीचं कापड मागितलं.

“किती माणसांची?” दुकानदारानं विचारलं.

“माणसांची नाही. मासे धरायचेत.”

“मोती तलावात?”

“गिरजेला.”

त्यानं गज खाली ठेवला. “मच्छराला बाहेर ठेवायचं कापड हाय साहेब हे. तुम्ही माशाला आत घ्यायला निघाले. घ्या, पर वापस आणू नका.”

जीपचे मालक आणि चालक लतीफभाई. माझ्याच वयाचे, बोलायला मोकळे. मागच्या सीटवर मी स्पिरिटचा कॅन ठेवला तेव्हा त्यांनी तो हुंगला.

“साहेब, ह्याचा वास बराबर न्हाई. चौकीवर कुणी इचारलं तर काय सांगू?”

“माशांच्या शेपट्या ठेवायला आहे म्हणा.”

“तेच्यापरीस दारू हाय म्हणलेलं बरं. दारूवर इस्वास तरी बसंल.”

पूर्णा आणि केळणा

हे दोन दिवस मी अगदी नीट काम केलं. ते कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. जाफराबादेच्या बाजूला पूर्णेवर दहा मासे मिळाले, केळणेवर दहा. सगळे वेगळे. बाटलीवर शाईनं लिहिलं तर स्पिरिट ते धुऊन काढतं, म्हणून मी शिसपेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी आतच टाकत होतो. इतकी काळजी घेणारा माणूस पुढं काय करणार आहे हे त्या चिठ्ठ्यांना माहीत नव्हतं.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटलेला, तुरी कमरेच्या वर. केळणेच्या काठी भोई मंडळींनी मरळ रांधला. आमच्याकडे नारळ नसेल तर माशाचं कालवण होत नाही, अशी माझी समजूत. इथं नारळाचं नाव नव्हतं. भाजलेल्या धान्याचं, मसाल्याचं येसर घातलेला काळपट रस्सा आणि हाताएवढ्या भाकरी. आमच्याकडचं कालवण भाताला मऊपणानं भेटतं. हे भाकरीशी भांडत होतं आणि दोघंही जिंकत होते. तिसरी भाकरी घेताना मी म्हणालो की मला फारशी भूक नाही. लतीफभाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि चौथी पुढं सरकवली.

डोह

हसनाबादच्या पुढं गिरजेच्या काठी एक गाव आहे. त्याचं नाव लिहीत नाही. त्या गावाचं मी पुरेसं करून ठेवलंय. गावाखाली नदी काळ्या दगडात वळते आणि तिथं डोह आहे. काठाला आठ-दहा पायऱ्या, वर महादेवाचं लहानसं देऊळ. उन्हाळ्यात सगळी गिरजा आटते, हा डोह आटत नाही. त्यात कुणी मासा धरत नाही. दर महिन्याच्या पहिल्या दळणातलं मूठभर पीठ प्रत्येक घरातून डोहावर येतं. त्याच्या गोळ्या करून माशांना घालायचं काम सरूबाईंच्या घराकडं. त्यांच्या सासऱ्यांकडं होतं, नंतर नवऱ्याकडं, आता त्यांच्याकडं. घराणं भोयाचं.

“आमची चूल माशावरच चालती,” त्या म्हणाल्या. “पर ह्या डोहातल्या न्हाई. खालच्या अंगाला धरतो, हितं पोसतो. लोक हसत्यात. हसू द्या.”

साठीच्या, काटक, कपाळावर मोठं कुंकू. मी त्यांना मावशी म्हणू लागलो. त्या मला साहेब म्हणाल्या आणि त्यात मान किती, टोमणा किती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांची अट एकच. झोळीनं घ्यायचा, कापायचा, सोडायचा. “एक मेला तर गाव तुम्हाला न्हाई इचारणार, मला इचारंल.”

त्यांनी पाण्यावर बोटं वाजवली आणि मासे आले. मी इतकी वर्षं प्राणिशास्त्र शिकवतो, पण बोलावल्यावर येणारा प्राणी म्हणून मला फक्त कुत्रं माहीत होतं. मावशींना प्रत्येकीचं नाव ठाऊक. थोरली सगळ्यांत मोठी. काणीचा डावा डोळा गेलेला. भुरीचा रंग फिका. नवरीच्या गालफडाला पिवळा पट्टा. चौघी हातातलं पीठ खात होत्या. बाकीचे खोल पाण्यात सावल्यांसारखे फिरत होते, वर येत नव्हते.

पहिल्या दिवशी त्या चौघी झोळीत आल्या. चार तुकडे, चार बाटल्या. काम चोख झालं. संध्याकाळी मावशींकडं पिठलं, ठेचा, भाकरी. गावातले पाटलांचे आबा, उपसरपंच, बोलायला आले. समितीच्या कागदाची वाट सगळं गावच पाहत होतं. ठेका झाला तर गावाला थोडं उत्पन्न होईल, असं काहींचं म्हणणं होतं. आबांचं तसं नव्हतं, पण विरुद्धही नव्हतं. “कागद काय म्हणंल तसं,” ते म्हणाले. “तुम्ही शिकलेले लोक. तुमचा कागद खोटं कशापायी बोलंल?”

दुसऱ्या दिवशी मला सहा मासे हवे होते. प्रत्येक ठिकाणचे दहा, असा नियम. लतीफभाईंच्या पुतणीचं बदनापुरात लग्न होतं आणि दुपारी बाराच्या आत निघायचं ठरलं होतं. सकाळी पायरीवर बसलो. मावशींनी पाणी वाजवलं. भुरी आली. थोरली आली. मग काणी. मग नवरी. झालं.

“बाकीचे?”

“दुपार कलली की पलीकडच्या कपारीवर ऊन येतं. मंग येतेत ते. तवर न्हाई यायचे.”

“दुपारपर्यंत थांबता येणार नाही, मावशी.”

“मंग उद्या घ्या.”

उद्या मला पुण्याला पोचायचं होतं. का, ते आज आठवत नाही. काही तरी बैठक होती. जिच्यासाठी एका डोहाचा निकाल लागला ती बैठक कशाबद्दल होती हे मला सांगता येऊ नये, याची मला लाज वाटते.

मी भुरीला झोळीत घेतलं. शेजारच्या मळ्यात डिझेलचं इंजिन सुरू होतं, विहिरीचं पाणी उपसत होतं. मावशी वाकून पाहत होत्या.

“साहेब, काय करून राह्यले? ही कालचीच हाय. तो बघा ना खांडा, तुम्हीच केल्ता.”

मी शेपटीच्या दुसऱ्या टोकाचा तुकडा कापला. चिठ्ठीवर लिहिलं, पाच.

“अवो, भुरी हाय ती. कालची.”

मी मान हलवली, जणू इंजिनाच्या आवाजात नीट ऐकू येत नव्हतं. मग काणीला घेतलं, सहा. थोरली, सात. नवरी, आठ. भुरी पुन्हा आली, कारण तिला पीठ आवडत होतं आणि माझ्याबद्दल तिला काही गैरसमज होता. नऊ. काणी परत, दहा.  मावशींनी पिठाची परात उचलली आणि त्या वर देवळाकडं गेल्या. मला वाटलं, त्यांचं काम झालं.

जीपमध्ये लतीफभाई म्हणाले, “वेळेत आटपलं तुमचं. आमच्यापायी घाई न्हाई ना झाली?”

“बिलकुल नाही,” मी म्हणालो.

पुणे

निकाल आला. पूर्णेच्या दहांत चार प्रकारचे धागे निघाले, केळणेच्या दहांत तीन. डोहाच्या दहांत एकच. दहाही मासे जणू एकाच आईचे. चार माशांत एकच प्रकार सापडला असता तर कुणीही म्हणालं असतं, नमुने कमी पडलेत, अजून आणा. दहांत सापडला, आणि विकतचं बीज बहुधा एक-दोन माद्यांचंच असतं, म्हणून निष्कर्ष निघाला. कुणी तरी कधी तरी विकतची पिल्लं आणून या डोहात सोडली असणार, हे नदीचे मासे नव्हेत.

बाईंनी चष्म्यावरून विचारलं, “दहाही वेगळे होते ना?”

“हो.”

वर्गात मी एका प्रश्नाला पाऊण तास उत्तर देतो. इतकं थोडक्यात मी आयुष्यात कधी बोललो नसेन.

अहवाल समितीकडं गेला. मी घरी जेवत होतो, झोपत होतो, परीक्षेचे पेपर तपासत होतो. एका मुलानं बेडकाच्या हृदयाचे कप्पे तीनऐवजी चार लिहिले होते. मी त्याचा अर्धा गुण कापला.

पौषात लतीफभाईंचा फोन महाविद्यालयात आला. “साहेब, तुमच्या कागदानं बाईची लई बेइज्जती झाली. लोक म्हणून राह्यले, तिच्या सासऱ्यानंच मासे पोत्यात घालून आणले आन् देवाचे म्हणून गावाला पीठ मागितलं. ह्या महिन्याला कुणाच्याच घरून पीठ आलं न्हाई. ती रोज रिकामी परात घेऊन पायरीवर बसती. मी परवा भाडं घेऊन गेल्तो तिकडं, डोळ्यानं पाहिलं.” मग त्यांनी विचारलं, “साहेब, कागदात काय गडबड न्हाई ना?”

मी त्यांना “बघतो” म्हणालो आणि बाईंच्या खोलीत गेलो. सगळं सांगितलं. इंजिनाच्या आवाजामुळं ऐकू आलं नाही, एवढं एक मात्र खोटं सांगितलं. सगळं कबूल करतानासुद्धा माणूस स्वतःसाठी एक कोपरा राखून ठेवतो.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, “हा पश्चात्ताप करायला तुम्हाला जेवढे दिवस लागले, त्यातली एक दुपार तिथं थांबला असतात तरी चाललं असतं.” त्यांनी स्वतः समितीला पत्र लिहिलं. नवे नमुने येईपर्यंत ठेका थांबला. पत्रात ‘नमुना-संकलनातील पुनरावृत्ती’ असे शब्द होते. वाचून मला वाटलं, हे किती सभ्य आहे. कुणालाच काही लागत नाही.

पुन्हा डोह

माघात मी परत गेलो. ज्वारी हुरड्यात होती. पोचल्या पोचल्या आबांनी मला शेतात नेलं. गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजून, हातावर चोळून, गरम दाणे माझ्या पुढ्यात. बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. आमच्याकडे चूक केलेल्या माणसाला चहा तरी उशिरा देतात. इथं मला हुरडा आग्रहानं वाढत होते, आणि प्रत्येक मुठीला मी “पुरे” म्हणून हात पुढं करत होतो.

संध्याकाळी पारावर लोक जमले. मी बोललो. नमुना म्हणजे काय, पुनरावृत्ती कशी होते, निष्कर्ष घाईनं कसा निघतो. चांगला पाव तास बोललो.

एका म्हाताऱ्यांनी विचारलं, “म्हंजी मासे खराब निघाले का?”

“न्हाई ओ,” आबांनी समजावलं, “साहेब म्हणतेत, पुण्याला मशीन बिघडल्ती.”

सगळ्यांनी माना हलवल्या. मशीन बिघडते, हे सगळ्यांना पटतं.  मावशी मागं भिंतीला टेकून उभ्या होत्या.

“मशीनीला कशाला बोल लावता आबा,” त्या म्हणाल्या. “ती गरीब पुण्यातच व्हती. हितं तर आल्तीच न्हाई.”

दोघं-तिघं हसले. मीही हसलो, हे मला इथं लिहायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून पायरीवर बसलो. लतीफभाईंनी जीपमधून मोठी टाकी आणली होती, धरलेला मासा काम संपेपर्यंत तिच्यात ठेवायचा, म्हणजे तोच परत येणार नाही. मावशी आल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत, पण परातीत पीठ होतं, त्यांनी स्वतःच्या घरचं आणलेलं. दुपार कलली. पलीकडच्या कपारीवर ऊन आलं आणि खोल पाण्यातल्या सावल्या वर येऊ लागल्या, त्यांनी सांगितलं होतं तसंच. एकेक करून बारा मासे झोळीत आले. बातमी वर गेली तसे लोक उतरले. आबा आले, ते म्हातारेबुवा आले, काही बाया डोक्यावरचे हंडे खाली ठेवून थांबल्या. प्रत्येक मासा टाकीत सोडताना मावशी मोठ्यानं आकडा म्हणत होत्या, मला ऐकू जावा म्हणून असेल.

त्या बारांचा निकाल नंतर लागला, तो इथंच सांगतो. तीन वेगळे धागे निघाले. त्यातले दोन त्याच फेरीत वरच्या अंगाला गिरजेतच धरलेल्या माशांत सापडले. मासे नदीचे होते. डोह राखीव ठरला. पण त्या दुपारी यातलं काहीच माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी कदाचित त्या कागदाच्या मागं पुन्हा उभा राहिलो असतो.

बारावा मासा टाकीत गेला. मग टाकी आडवी करून सगळे डोहात सोडले. एकही मेला नव्हता. आबांनी हात झटकले. “चला, मशीन दुरुस्त झाली म्हणायची.” लोक वळायला लागले. हंडे पुन्हा डोक्यावर चढले. मावशी परात धूत होत्या. मी म्हणालो, “थांबा.” आवाज इतका बारीक निघाला की लतीफभाईंना तो लोकांपर्यंत पोचवावा लागला, “साहेब काय तरी बोलून राह्यले, थांबा जरा.”

मी पायरीवर उभा राहिलो. बसून बोलायला हवं असं वाटलं, म्हणून मावशींच्या खालच्या पायरीवर बसलो.

“मशीन बिघडली नव्हती,” मी म्हणालो. “मी दहा मासे धरलेच नाहीत. चारच धरले. मला घाई होती. भुरीची शेपटी तीनदा कापली, काणीची तीनदा, थोरलीची आणि नवरीची दोन-दोनदा, आणि दहा मासे म्हणून लिहिलं. मावशींच्या सासऱ्यांनी पोत्यातून काही आणलं, असं म्हणायला माझ्याकडं काहीही नव्हतं. मावशी, तुम्ही मला दोनदा सांगितलं होतं, ही कालचीच आहे. इंजिन चालू होतं, पण मला ऐकू आलं होतं. दोन्ही वेळा ऐकू आलं होतं. मी ऐकलं आणि तरी कापलं. मला माफ करा.”